एका दीर्घ शब्दाची फोड : अक्षर आणि आघात यांचा इतिहास

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, गुरुजनांचे स्मरण आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी यांना अग्रस्थान मिळावे, हे उचितच आहे. परंतु शाळेचा इतिहास केवळ इमारतींचा, मुख्याध्यापकांच्या कारकिर्दींचा आणि निकालांच्या टक्केवारीचा नसतो. वर्गात रोज जे शिकवले जाते, त्यालाही स्वतःचा इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा शाळेहून कितीतरी जुना असतो. मोठा शब्द समोर आला की घाबरू नये, तो फोडून वाचावा, ही अशीच एक साधी शिकवण. पण शब्द फोडायचा तो नेमका कोठे? आणि फोडलेल्या तुकड्यांपैकी जोर द्यायचा तो कोणत्या तुकड्यावर?

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्याच रूपात भेटतो. प्रवेशाच्या वेळी "बाकी सर्व ठीक आहे, पण इंग्रजीचे काय?" असे न विचारणारा पालक विरळा. या विचारण्यामागे एक समजूत असते, ती अशी की मराठीतून मिळालेली अक्षरओळख इंग्रजीच्या दारात पोहोचताच निरुपयोगी ठरते. ही समजूत कितपत खरी आहे, हे एकाच शब्दाच्या आधारे तपासून पाहण्याचा येथे विचार आहे. त्यासाठी मुद्दामच इंग्रजीतील एक अतिदीर्घ आणि दुर्मीळ शब्द निवडला आहे. योगायोग असा की तो शब्दही एका शालेय पाठातूनच जन्माला आला.

शब्दाचा जन्म

तो शब्द आहे 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'. रोमन लिपीत त्याला २९ वर्ण लागतात. त्यांत 'आय' हा वर्ण ९ वेळा येतो आणि इंग्रजी लेखनात सर्वाधिक आढळणारा 'ई' एकदाही येत नाही. अर्थ मात्र अगदी सोपा आहे : एखादी गोष्ट कवडीमोल लेखणे. ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्याचा सर्वांत जुना दाखला १७४१ सालचा दिला आहे. विल्यम शेन्स्टन या कवीने त्या वर्षीच्या एका पत्रात कोणा एकाविषयी लिहिताना, त्या गृहस्थाला पैशाची काडीइतकीही मातब्बरी वाटत नसे, या गुणाचे कौतुक करण्यासाठी हा शब्द योजला.

शब्द आला कोठून, हे समजण्यासाठी त्या काळच्या इंग्रजी शाळेत डोकवावे लागते. तेथे मुलांना प्रामुख्याने शिकवली जाई ती लॅटिन भाषा. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचे पहिले मुख्य अध्यापक विल्यम लिली यांच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण सोळाव्या शतकापासून इंग्लंडभर चालत असे. त्याचीच सुधारलेली आवृत्ती पुढे ईटनच्या शाळेच्या नावाने प्रसिद्ध झाली. या व्याकरणात एक नियम होता. किंमत करणे, मोल लेखणे या अर्थाच्या क्रियापदांबरोबर त्या क्षुल्लक मोलाचा वाचक शब्द षष्ठी विभक्तीत ठेवावा, असा त्याचा आशय. त्याखाली उदाहरणांची माळ होती : 'फ्लॉक्की', म्हणजे लोकरीच्या पुंजक्याइतके, 'नाउकी', म्हणजे टरफलासारख्या फोल वस्तूइतके, 'निहिली', म्हणजे शून्याइतके, 'पिली', म्हणजे एका केसाइतके. पुढे 'अस' या नाण्याचे आणि त्याच्या चतुर्थांशाचेही रूप येत असे. आपण 'दमडीइतकी किंमत नाही' किंवा 'कस्पटासमान लेखले' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

ही माळ वर्षानुवर्षे बाकांवर घोकली गेली. मग कोणा विनोदी बुद्धीच्या माणसाला सुचले की चारही रूपे ओळीने जोडावीत आणि शेवटी 'करणे' या अर्थाचा 'फिकेशन' हा प्रत्यय लावून द्यावा. मराठीत हाच खेळ खेळायचा तर 'तृण-टरफल-शून्य-केशीकरण' असे काहीतरी म्हणता येईल. शेन्स्टनच्या पत्रात हा शब्द सलग नाही. त्याने चार संयोगचिन्हे घालून त्याचे पाच खंड स्वच्छ दाखवले आहेत. म्हणजे या शब्दाची पहिली फोड त्याच्या पहिल्याच दाखल्यात आहे.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल, त्यांना येथे एक ओळखीची खूण दिसेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीत दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, सतराव्या सूत्रात, अगदी याच प्रसंगासाठी स्वतंत्र नियम आहे. अनादर दाखवायचा असेल तेव्हा 'मानणे' या अर्थाच्या धातूचे कर्म, ते प्राणिवाचक नसेल तर, विकल्पाने चतुर्थीत ठेवता येते. 'तृणाय मन्यते' हा प्रयोग त्यातूनच सिद्ध होतो. लॅटिनने तुच्छतेसाठी षष्ठी योजली, संस्कृतने चतुर्थी. पण दोन्ही परंपरांतील वैयाकरणांना अनादरासाठी वेगळी विभक्ती नोंदवावीशी वाटली आणि दोन्हीकडच्या मुलांनी तो नियम पाठ केला.

शेन्स्टनविषयी आणखी एक गोष्ट या स्मरणिकेच्या वाचकांना आवडेल. त्याची आज सर्वाधिक स्मरणात असलेली कविता 'द स्कूलमिस्ट्रेस' ही आहे. लहानपणी ज्या वृद्ध बाईंच्या गावठी शाळेत तो वाचायला शिकला, त्यांच्या स्मृतीवर ती आधारलेली आहे.

सांधे, अक्षरे आणि ठोके

आता या शब्दाची रीतसर फोड करू. येथे 'अक्षर' हा शब्द त्याच्या जुन्या शास्त्रीय अर्थाने घ्यायचा आहे. वर्ण म्हणजे एकेक ध्वनी. अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याच्या आधाराने उच्चारली जाणारी व्यंजने. शब्दात जितके उच्चारित स्वर, तितकी त्याची अक्षरे. या हिशेबाने आपल्या शब्दात बारा अक्षरे आहेत :

फ्लॉक् – सि – नॉ – सि – नि – हि – लि – पि – लि – फि – के – शन्

अक्षरे मोजली म्हणजे काम संपत नाही. इंग्रजीत अनेक अक्षरांच्या शब्दातील एका अक्षरावर मुख्य आघात पडतो. ते अक्षर अधिक जोराने, बहुधा अधिक लांब आणि वेगळ्या स्वरपातळीवर उच्चारले जाते. शब्द फार लांब असेल, तर मुख्य आघाताच्या आधी एक किंवा अनेक दुय्यम आघातही येतात. मुख्य आघात शोधण्यासाठी येथे एक खात्रीचा नियम उपयोगी पडतो. 'शन' या ध्वनीने संपणाऱ्या अशा शब्दांत आघात त्याच्या लगतच्या आधीच्या अक्षरावर असतो. एज्युकेशन, एक्झॅमिनेशन, अप्लिकेशन हे सर्व याच साच्यातले. म्हणून आपल्या शब्दातही मुख्य आघात अकराव्या अक्षरावर, 'के'वर, पडतो.

दुय्यम आघात प्रचलित उच्चारात 'फ्लॉक्', 'नॉ', 'नि' आणि 'पि' या चार अक्षरांवर पडतात. तिसऱ्या खंडातील स्वर काही जण 'नाय' असा लांबवतात, आणि दुय्यम आघातांच्या तपशिलात कोशांमध्ये थोडाफार फरकही आढळतो. मात्र 'के'विषयी दुमत नाही. आघातापासून आघातापर्यंत गट पाडले, तर बारा अक्षरांची विभागणी अशी होते :

फ्लॉक्-सि / नॉ-सि / नि-हि-लि / पि-लि-फि / के-शन्

दोन, दोन, तीन, तीन, दोन. आता हे गट शेन्स्टनच्या संयोगचिन्हांशी ताडून पाहावेत. पहिले चार गट सुरू होतात ते नेमके त्या चार लॅटिन रूपांच्या आरंभी. फक्त शेवटी 'फि' हे अक्षर आपला खंड सोडून आधीच्या गटात गेले आहे, कारण 'शन'च्या नियमाने आघात 'के'कडे ओढला आहे. ज्याला लॅटिनचा गंधही नाही, असा आजचा इंग्रज जेव्हा हा शब्द बरोबर म्हणतो, तेव्हा त्याच्याही नकळत तो अठराव्या शतकातील मुलांनी घोकलेली ती माळच म्हणत असतो. लेखनात सलग झालेल्या शब्दाचे जुने सांधे आघातांनी अशा रीतीने जपून ठेवले आहेत.

सांधे बुजले की काय होते, याचाही दाखला आहे. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी १८२९ साली आपल्या रोजनिशीत हा शब्द लिहिला, तेव्हा दुसऱ्या खंडाचा पहिला वर्ण बदलून 'नॉसि'चे 'पॉसि' केले. 'पाउकी' हाही लॅटिन शब्दच, पण त्याचा अर्थ 'थोडे'. एवढा बहुश्रुत लेखकही खंडांचा अर्थ डोळ्यांआड होताच अडखळला, यात लांब शब्दांना भिणाऱ्या विद्यार्थ्यांनी दिलासा मानावा.

कोशकारांची दोन शतके

इंग्रजी लेखनात ना अक्षरांच्या सीमा दिसतात, ना आघात. हे लपलेले अंग कागदावर आणण्यासाठी शाळामास्तरांना आणि कोशकारांना दोन शतके खपावे लागले.

आरंभ शालेय पुस्तकांपासून झाला. टॉमस डिलवर्थ या इंग्लिश शिक्षकाचे शब्दोच्चाराचे पुस्तक १७४० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत चालले. त्याचा कल असा, की दोन स्वरांमधले व्यंजन, किंवा शब्दारंभी येऊ शकेल असे जोडव्यंजन, पुढच्या स्वराकडे द्यावे. म्हणून तो 'हॅबिट' हा शब्द 'हॅ-बिट' असा आणि 'क्लस्टर' हा 'क्ल-स्टर' असा तोडी. शेवटचा 'शन' मात्र त्याने लेखनानुसार दोन अक्षरांचा मानला होता. त्याच्या हिशेबाने आपल्या शब्दात बाराऐवजी तेरा अक्षरे भरली असती.

१७८३ साली नोआ वेब्स्टर या तरुण अमेरिकन शिक्षकाने हे सारे बदलले. नव्याने स्वतंत्र होत असलेल्या देशातील मुलांना आपली पुस्तके असावीत, या ईर्षेने त्याने जे पुस्तक रचले, ते पुढे त्याच्या निळ्या पुठ्ठ्यावरून ओळखले जाऊ लागले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. कानाला जसे ऐकू येते तसे तोडावे, हे वेब्स्टरचे तत्त्व. आघातयुक्त ऱ्हस्व स्वर पुढचे व्यंजन आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून 'हॅब-इट' आणि 'क्लस-टर'. 'शन' हे एकच अक्षर, हाही त्याचाच आग्रह. त्याने शब्दांच्या याद्या लावल्या त्या अक्षरसंख्या आणि आघाताचे स्थान पाहून, म्हणजे एका ठेक्याचे शब्द एका यादीत. मूल एक शब्द शिकले की त्याच चालीवर पुढचे शब्द आपोआप वाचू लागे.

इंग्लंडमध्ये याच काळात कोशकार कामाला लागले होते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात आघातासाठी एक छोटे चिन्ह आहे, त्यापलीकडे उच्चाराचे मार्गदर्शन नाही. याचे कारण त्यांनी पुढे बॉस्वेल या आपल्या चरित्रकाराला सांगितले. 'मोठा' या अर्थाचा 'ग्रेट' हा साधा शब्द. लॉर्ड चेस्टरफिल्ड यांच्या मते तो 'स्टेट'शी जुळवून म्हणावा, तर सर विल्यम यंग यांच्या मते 'सीट'शी. दोघेही पार्लमेंटातील नामांकित वक्ते. त्यांचेच जर एकमत नाही, तर कोशकाराने कोणाचे ऐकावे?

हे साहस केले ते दोन नटांनी. आयर्लंडमध्ये जन्मलेले टॉमस शेरिडन यांनी १७८० मध्ये आणि लंडनचे जॉन वॉकर यांनी १७९१ मध्ये उच्चारकोश प्रसिद्ध केले. दोघांनीही रंगभूमीवर वर्षे काढली होती आणि नंतर वक्तृत्वाचे वर्ग चालवले होते. वॉकरच्या कोशात प्रत्येक शब्द अक्षरे तोडून पुन्हा लिहिलेला आहे आणि प्रत्येक स्वरावर अंक घालून त्याचा प्रकार दाखवला आहे. या कोशाच्या मुखपृष्ठावर आणखी एक गोष्ट जाहीर केलेली आहे. स्कॉटलंड, आयर्लंड आणि लंडन येथील रहिवाशांनी आपापल्या उच्चारांतील वैगुण्ये कशी टाळावीत, याचे नियम आत दिले आहेत. म्हणजे इंग्रजीच्या 'शुद्ध' उच्चाराचा धाक प्रथम बसला तो इंग्रजी हीच ज्यांची घरची भाषा होती अशा माणसांना. उच्चार हे शिकण्याचे साधन राहिले नाही, माणसाची पायरी मोजण्याचे मापही झाले. आपल्याकडे आज इंग्रजी उच्चारावरून मुलांची जी परीक्षा होते, तिची मुळे येथवर जातात.

पुढची पावले झपाट्याने पडली. ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, त्यात आघातयुक्त स्वरानंतर एक उंच बिंदू दिलेला असे. १८८६ मध्ये पॅरिसला भाषाशिक्षकांची संघटना स्थापन झाली आणि तिच्यातून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी घडली. या लिपीत आघाताचे चिन्ह अक्षराच्या आधी येते. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशाने ही पद्धत इंग्रजीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवली. परिणामी जुन्या कोशात चिन्ह आघाताच्या मागे आणि नव्यात पुढे, अशी स्थिती झाली. कोश उघडताना त्याची पद्धत आधी प्रस्तावनेत पाहावी, असे शिक्षक सांगतात ते यासाठीच.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा छपाईचा प्रश्न याहून निराळा आहे. तेथे कोठे उच्चार पाहतात, तर कोठे व्युत्पत्ती. ज्ञान या अर्थाचा 'नॉलेज' हा शब्द अमेरिकन कोश 'नॉल-एज' असा तोडतो, आणि ब्रिटिश परंपरा मूळ धातू अखंड ठेवून 'नो-लेज' असा. १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील फ्रँक्लिन लिआंग यांनी हे काम संगणकाकडून करून घेण्याची रीत सिद्ध केली. परंतु ती तुटण्याची जागा सांगते, आघात सांगत नाही.

आपल्याकडचे अक्षरशास्त्र

जे इंग्रजीत अठराव्या शतकात सुरू झाले, त्याचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला होता. वेदपठण बिनचूक राहावे यासाठी रचलेल्या प्रातिशाख्य ग्रंथांत अक्षरांच्या सीमांचे नियम आहेत. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराचे. शब्दान्तीचे व्यंजन आधीच्या स्वराचे. जोडव्यंजन असेल तर त्यातले पहिले आधीच्या स्वराचे. या कसोटीवर डिलवर्थ आणि वेब्स्टर यांचा वाद लावून पाहिला, तर निकाल मोठा मौजेचा लागतो. 'हॅ-बिट'मध्ये प्रातिशाख्य डिलवर्थच्या बाजूने उभे राहते, 'क्लस-टर'मध्ये वेब्स्टरच्या!

ही तुलना अगदीच हवेतली नाही. विल्यम ड्वाइट व्हिटनी या अमेरिकन संस्कृत पंडिताने १८६२ मध्ये अथर्ववेदाचे आणि १८७१ मध्ये तैत्तिरीय शाखेचे प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह संपादित केले. आणि १८८९ ते १८९१ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'सेंच्युरी डिक्शनरी' या भव्य इंग्रजी कोशाचे प्रमुख संपादक तेच होते. वैदिकांचे अक्षरविचार ज्यांनी बारकाईने वाचले होते, अशा विद्वानाच्या देखरेखीखाली इंग्रजीचा एक थोर कोश तयार झाला.

उच्चारात जोराची किंवा उंचीची जागा चुकली तर काय अनर्थ होतो, याची आपली कथा तर सर्वश्रुत आहे. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. मंत्रातील 'इन्द्रशत्रु' हा शब्द त्याला 'इंद्राचा संहारक' अशा तत्पुरुष समासात हवा होता, आणि त्यासाठी उदात्त स्वर शब्दाच्या अंती हवा होता. उच्चार झाला तो पूर्वपदावर उदात्त ठेवून. त्यामुळे समास बहुव्रीही झाला, अर्थ 'इंद्र हाच ज्याचा संहारक' असा उलटला आणि वृत्र इंद्राच्या हातून मारला गेला. पतंजलीने व्याकरणाध्ययनाचे प्रयोजन सांगताना या कथेचा आधार घेतला आहे. इंग्रजीत 'रेकॉर्ड' किंवा 'प्रेझेंट' या शब्दांत आघात पहिल्या अक्षरावर असेल तर नाम आणि दुसऱ्यावर असेल तर क्रियापद होते. हे ज्याला विचित्र वाटते, त्याला वृत्राची गोष्ट आठवून द्यावी.

येथे एक भेद मात्र काळजीने ध्यानी घ्यायला हवा. वैदिक उदात्त आणि अनुदात्त हे स्वराच्या उंचीचे भेद आहेत, तर इंग्रजी आघातात जोर, लांबी आणि उंची तिन्हींचा मेळ असतो. शिवाय वैदिक उच्चारात अनुदात्त अक्षराचा स्वर झिजत नाही. इंग्रजीत आघातहीन अक्षराचा स्वर झिजून अस्पष्ट 'अ'कडे झुकतो.

र, न, न, य

वृत्तांचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र आठवत असेल. त्या गणपद्धतीने आपला शब्द लिहून पाहू. 'फ्लॉक्' गुरू, 'सि' लघू, 'नॉ' गुरू : हा र गण. 'सि-नि-हि' तिन्ही लघू : न गण. 'लि-पि-लि' पुन्हा न गण. 'फि' लघू, 'के' गुरू, 'शन्' गुरू : य गण. चार गण, बारा अक्षरे, सोळा मात्रा. दीड तप इंग्रजी शिकूनही जो शब्द जीभ अडवतो, तो आपल्या वृत्तशास्त्राच्या मापात क्षणात बसतो.

पण येथेच आपल्या मापाची मर्यादाही दिसते. 'नॉ' नंतर सात लघू अक्षरे सलग येतात. गणांच्या दृष्टीने ती सारी सारखीच. इंग्रजी कान मात्र त्या सातांतून 'नि' आणि 'पि' ही दोनच वेचून उचलतो आणि उरलेली पाच झरझर ओलांडतो. लघुगुरू हे अक्षराचे वजन आहे. आघात ही शब्दातील अक्षराची मानमरातब आहे. पहिले माप मराठी मुलाच्या हाती असते, दुसरे त्याला नव्याने शिकावे लागते. मराठीतही शब्दाच्या एखाद्या अक्षरावर थोडा जोर येतो, परंतु त्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपले लक्ष तिकडे जात नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'फोटोग्राफ' आणि त्याचे भाऊबंद. देवनागरीत आपण फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक असे लिहितो आणि 'फोटो' सर्वत्र तसाच राखतो. इंग्रजीत पहिल्या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यात दुसऱ्यावर आणि तिसऱ्यात तिसऱ्यावर जातो. आणि आघात जसा सरकतो तसे मागचे-पुढचे स्वर झिजतात, इतके की दुसरा शब्द जवळजवळ 'फटॉग्रफी' असा ऐकू येतो. आपल्या मुलांचे इंग्रजी कळत नाही असे कोणी म्हणते, तेव्हा बहुधा त्यांचे वर्ण चुकलेले नसतात. प्रत्येक अक्षराला त्यांनी सारखाच मान दिलेला असतो, एवढेच.

लिहिलेले आणि उच्चारलेले यांत अंतर असते, हे तर मराठी मुलाला पहिलीपासूनच ठाऊक असते. 'कमल' लिहिताना तीन अक्षरे, म्हणताना 'क-मल्' अशी दोनच. 'मंत्र' लिहितो एका तऱ्हेने आणि वृत्तात मोजतो 'मन्-त्र' असा. आपल्या शाळेतील मुलांच्या कानांवर तर घरी मराठी, रस्त्यावर त्या प्रांताची भाषा आणि वर्गात हिंदी व इंग्रजी असे निरनिराळे ठेके पडत असतात. एका भाषेचा ठेका दुसरीत चालत नाही, ही जाणीव त्यांना पुस्तकावाचून मिळते. इतर ठिकाणच्या मुलांना ती मुद्दाम शिकवावी लागते.

उपयोग

या साऱ्या इतिहासातून वर्गासाठी आणि घरासाठी तीन पायऱ्यांची एक रीत निघते. प्रथम शब्दाचे अर्थपूर्ण सांधे शोधावेत, जसे शेन्स्टनने संयोगचिन्हांनी दाखवले. मग स्वर मोजून अक्षरे पाडावीत. शेवटी आघाताची जागा ठरवावी. त्यासाठी थोडे नियमही पुरतात. 'शन'ने संपणाऱ्या शब्दांत आघात उपान्त्य अक्षरावर. 'इक' प्रत्ययाने संपणाऱ्या बहुतेक शब्दांत तसाच. 'इटी'ने संपणाऱ्या युनिव्हर्सिटी, इलेक्ट्रिसिटी यांसारख्या शब्दांत शेवटून तिसऱ्या अक्षरावर. वेब्स्टरप्रमाणे एका ठेक्याच्या शब्दांच्या याद्या मुलांकडूनच करून घेतल्या आणि आघाताच्या अक्षरावर टाळी द्यायला सांगितली, तर इयत्ता पाचवीतील मूलही हे सहज साधते. ज्याला गण पाडता येतात, त्याच्यासाठी हे काम अर्धे झालेलेच असते.

म्हणून पालकांच्या त्या नेहमीच्या प्रश्नाला शाळेचे उत्तर असे असावे : मराठीतून मिळालेली अक्षरांची जाण इंग्रजीच्या दारात टाकून द्यायची नाही, ती घेऊन आत जायचे आणि तिला आघाताची जोड द्यायची. आपल्या घरच्या विद्येला तृणवत लेखून परक्या विद्येच्या मागे लागणे, याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचीच फोड आपण एवढा वेळ करत होतो.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज देशभर आणि परदेशांतही निरनिराळ्या भाषांत काम करत आहेत. त्यांच्यापैकी कितीकांना शाळेतले धडे विसरले असतील, पण बाकावर एका सुरात म्हटलेले पाढे, विभक्तीचे तक्ते आणि गणांचे सूत्र विसरले नसेल. अशाच एका घोकलेल्या माळेतून अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एक शब्द जन्मला आणि तो अजून कोशात आहे. २०१२ मध्ये तो ब्रिटनच्या पार्लमेंटातही उच्चारला गेला. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी शाळेत जमतील, तेव्हा त्यांनी आजच्या मुलांसोबत एखादा तास बसावे, एक लांब शब्द फळ्यावर लिहावा आणि तो मिळून फोडावा. त्या मुलांना इंग्रजीचा धीर येईल, आणि माजी विद्यार्थ्यांना आपल्या जुन्या वर्गाचा सूर पुन्हा ऐकायला मिळेल.